पाच सुताचा बोल्ट

माझ्याकडे एक सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण आहे, एफ/५, म्हणजे फोकल लेंग्थ ७५० एमएम, आणि ती गेली सात-आठ वर्षं एका साध्या वर-खाली डावी-उजवी फिरणाऱ्या माउंटवर (दुर्बीण धरून फिरवणारा भाग) बसलेली होती. ते माउंट बसलेलं होतं काकांच्या स्टँडवर. काका पाटबंधारे खात्यात सर्व्हेला होते, त्यांचा हा ऑटो लेव्हलचा (जमिनीचा चढ-उतार मोजायच्या यंत्राचा) स्टँड, सागवानी पाय, खाली टोकदार लोखंडी बूट, बुटाला पाय ठेवून दाबायची पट्टी, एकदम दणकट प्रकरण. काका रिटायर झाले तेव्हा माळ्यावर गेला तो मी खाली काढला. लाकूड हादरे गिळतं, ॲल्युमिनियमचे पोकळ पाय नुसते तंबोऱ्यासारखे वाजत बसतात, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून मी बऱ्याच जणांशी वाद घातलेला आहे.

तर मागच्या दिवाळीनंतर बाणेरला एक गृहस्थ ईक्यू५ माउंट विकतायत असं कळलं. या माउंटचा एक ॲक्सिस ध्रुवाकडे रोखला की ताऱ्यामागे जायला तेवढा एकच फिरवावा लागतो. ते बरीच वर्षं म्युनिकला होते, परत येताना माउंटचं डोकं आणि तोल साधायची पाच-पाच किलोची दोन वजनं सामानात घालून आणली पण ट्रायपॉड तिकडेच कुणाला तरी देऊन आले, त्यामुळे किंमत बरी होती. माउंट अगदी स्वच्छ ठेवलेलं, मोटर नाही, हाताने फिरवायच्या दोन केबल. मी म्हटलं ट्रायपॉड तर आपल्याकडे आहेच, दोघांना जोडणारी एक चकती करून घेतली की झालं, एका रविवारचं काम. बायको म्हणाली कुठला रविवार ते आधी सांगून ठेव. पाच रविवार गेले.

आधी अडचण काय होती ते सांगतो. ईक्यू५ ला खाली मधोमध एक गोल उंचवटा असतो, तो ट्रायपॉडच्या डोक्यातल्या खळग्यात बसतो, आणि खालून एक एम१० चा (दहा एमएमचा) बोल्ट येऊन माउंटला घट्ट खाली ओढतो. शिवाय ट्रायपॉडच्या डोक्यावर एक खुंटी उभी असते, माउंटला आडवे दोन स्क्रू असतात ते त्या खुंटीला दोन्ही बाजूंनी दाबतात, एक सैल करून दुसरा पिळला की माउंट थोडं डावी-उजवीकडे सरकतं, उत्तर जुळवायला. माझ्या स्टँडवर यातलं काहीच नाही. सपाट डोकं, मध्ये मोठं भोक, त्या भोकात इकडे-तिकडे सरकणारा एक जाड स्क्रू, बस. म्हणजे मला खळगा पाहिजे, खुंटी पाहिजे, वरून एम१० पाहिजे आणि खालून स्टँडच्या स्क्रूचे आटे पाहिजेत, आणि दोन्ही बोल्ट नेमके मधोमध, एकमेकांच्या डोक्यावर.

हे कागदावर काढत बसलो होतो, म्हटलं माउंट एकदा नीट बघून तरी घेऊ, म्हणून ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. अक्षांशाची पट्टी ४८ वर होती, म्युनिकची. पुणं साडेअठरा. ध्रुव तारा आपल्याकडे क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो, तर आरए ॲक्सिस (ध्रुवाकडे रोखायचा तो) पण तेवढाच वर करायचा. खाली आणत आणत गेलो, तिशीपर्यंत मजेत आला, मग ते अक्षांश पिळायचे टी आकाराचे जे स्क्रू आहेत त्यातल्या एकाची मूठ माउंटच्या अंगालाच टेकली. पुढे जाईना. म्हणजे पट्टीवर आकडे आहेत शून्यापर्यंत, पण तिथवर जायची वाट मात्र ठेवलेली नाही. तो स्क्रू काढला, बोहरी आळीत जाऊन त्याच आट्याचा आखूड ॲलन बोल्ट आणला, बारा रुपये, आणि माउंट गपचूप साडेअठरावर आलं. हे सोपं निघालं.

पण मग वजनाचा दांडा लावला आणि खरी गंमत कळली. विचार करा, ॲक्सिस जर ४८ अंश वर उभा असेल तर वजनाचा दांडा खाली येताना चांगला लांब बाहेर, उत्तरेकडे तिरका येतो, ट्रायपॉडपासून दूर. आपल्याकडे ॲक्सिस जवळजवळ आडवाच, त्यामुळे दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो, माउंटच्या पोटाशीच. ओट्याच्या कडेवर त्याने टणकन आवाज केला आणि ग्रॅनाइटचा एक कोपरा उडाला. (तो कोपरा अजून तसाच आहे, त्यावर डाळीचा डबा असतो.) म्हणजे मी नुसती चपटी चकती करून घेतली असती तर वजन स्टँडच्या पायावर आपटलं असतं.

मग चकतीचं दुमजली घर झालं. खाली १२ एमएमची चकती, वर २० एमएमची, मध्ये १५ सेंटिमीटरचे तीन खांब. खांबांमुळे माउंट वर उचललं जातं, दांड्याला जागा मिळते, आणि दोन चकत्यांच्या मध्ये हात घालून एम१० पिळता येतो, ते तर वेगळंच बरं झालं, नाहीतर तो बोल्ट मी आत कसा पिळणार होतो हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. शिवाय अख्खा सांगाडा स्टँडवर कुठेही फिरवून बसवता येतो, त्यामुळे उत्तर स्टँडच्या दोन पायांच्या मध्ये घेता येते, एका पायावर नाही, आणि वजन खाली येतं ते मोकळ्या जागेत. तिकडच्या ट्रायपॉडना खुंटी बहुतेक एका पायाच्या डोक्यावर असते, त्यांना चालतं, आपल्याला त्रास.

आता आटे.

स्टँडचा स्क्रू मी वर्नियरने मोजला, १५.८ आणि थोडं. माझ्या घराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो, तिथल्या पोराने स्क्रू बघितला, म्हणाला सोळाचा आहे सर, एम१६, झिजलाय म्हणून कमी दाखवतोय. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण त्याने इतक्या सहज सांगितलं की मी मान डोलावली आणि चहा प्यायला गेलो. तासाभरात त्याने खालच्या चकतीला एम१६ चा टॅप मारून, म्हणजे आतून आटे पाडून दिला. घरी येऊन लावला तर स्क्रू दोन फेरे मस्त गेला, तिसऱ्याला जड झाला, चौथ्याला जागीच बसला. मी पान्याने थोडा जोर लावला, आणि ते करायला नको होतं कारण बाहेर काढताना ॲल्युमिनियमचा चांगला केसासारखा भुगा घेऊन आला.

संध्याकाळी काकांना फोन केला. काका ७९ वर्षांचे आहेत, फोनवर फार बोलत नाहीत.

"काका, तुमच्या स्टँडचा स्क्रू किती एमएम आहे हो?"

"एमएम कसला, पाच सूत आहे तो. अकरा आट्याचा. आम्हाला कधी मिळाला नाही तर बोहरी आळीतून आणायचो."

झालं. पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश इंच, १५.८७५ एमएम, आणि इंचाला अकरा आटे म्हणजे एका आट्याला साधारण २.३१ एमएम. एम१६ चा आटा २ एमएमचा. जाडी जवळपास सारखी म्हणून सुरुवातीला फसवतो, पण प्रत्येक फेऱ्याला तीन दशांशाचा फरक साठत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला दोघांचं भांडण होतं. ही पाच सूत अकरा आट्याची भानगड सर्व्हेच्या स्टँडना जगभर चालते हे मला नंतर कळलं, म्हणजे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. तसंच आणखी एक सांगून ठेवतो, कॅमेऱ्याच्या मोठ्या ट्रायपॉडना तीन सुताचा, सोळा आट्याचा स्क्रू असतो आणि तो एम१० च्या भोकात असाच गोड बोलून आत जातो. जाऊ देऊ नका.

पुढचं वर्कशॉप भोसरीला, ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचं. एक छोटा गाळा, दोन लेथ, एक ड्रिल मशीन, आणि तिथले मामा. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मामांनी आधी माझ्या चित्राकडे बघितलं, मग चकतीकडे, मग माझ्याकडे.

"कोणी मारला हा टॅप?"

मी म्हटलं होता एक.

त्यांनी खिशातून ते पंख्यासारखं उघडणारं आटे मोजायचं गेज काढलं, स्टँडचा स्क्रू मी सोबत नेला होता (दुसऱ्यांदा तरी अक्कल आली), एकेक पातं लावून बघितलं आणि उजेडाकडे धरलं. अकराचं पातं बसलं, मध्ये उजेड दिसेना. मग म्हणाले, अकरा विटवर्थमध्ये (इंग्रजी आटे) पण असतात आणि यूएनसीमध्ये (अमेरिकन आटे) पण असतात, पाच सुताला दोन्हीकडे अकराच, फरक फक्त कोनाचा, एकाचा ५५ अंश, एकाचा ६०. माझ्याकडे विटवर्थचा टॅप आहे. जरा घट्ट जाईल पण जाईल, ग्रीस लावून चार वेळा आत-बाहेर कर म्हणजे जागा करून घेईल. अर्धा इंच असता तर तुझं काही खरं नव्हतं, तिथे एकात बारा आणि दुसऱ्यात तेरा.

पण एम१६ ने भोक आधीच मोठं झालं होतं. मला वाटलं चकती गेली, नवीन घ्यावी लागणार. मामा म्हणाले, फेकतो कशाला, बुश मारून देतो. पितळेचा एक गोल तुकडा घेतला, लेथला लावला, आणि त्याला एका टोकाला रुंद कॉलर ठेवून बाकीचा बारीक केला, भोक बोअर करून मोठं केलं, त्यात हा बुश ठोकून बसवायचा आणि पाच सुताचा टॅप बुशला मारायचा. मी हुशारी करून म्हटलं, मामा कॉलर खालच्या बाजूला घ्या ना, स्टँडवर सपाट बसेल. मामांनी लेथ बंद केला. हात पुसले. स्टँडचा स्क्रू हातात घेतला आणि दुसऱ्या हातात बुश, आणि पिळून दाखवला. "स्क्रू खालून येणार. पिळला की बुशला कुठे ओढणार?" खाली. "मग कॉलर खाली ठेवली तर बुशला अडवणार कोण?" कोणीच नाही, बुश सुळकन चकतीतून खाली निघून येणार आणि वरती माझी दुर्बीण. कॉलर वर. मी त्यानंतर त्या गाळ्यात फक्त मोजमापं सांगितली, सल्ले दिले नाहीत.

वरच्या २० एमएमच्या चकतीला खळगा करताना मात्र मामा पण रमले. माउंटचा उंचवटा मी ६० एमएमला किंचित कमी मोजला होता, ते म्हणाले तुझ्या मोजण्यावर नाही, माउंटच घेऊन ये. मग पुढच्या शनिवारी माउंटचं डोकं पाठीवरच्या सॅकमध्ये घालून स्कूटरवर कोथरूड ते भोसरी. खळगा थोडा काढायचा, माउंट ठेवून बघायचं, फिरवून बघायचं, परत पाव मिलिमीटरचा अर्धा काढायचा, असं चार-पाच वेळा. शेवटी माउंट आत ठेवलं की हवा बाहेर जाताना फुस्स आवाज आला आणि ते स्वतःच्या वजनाने हळूच खाली बसलं. मामा हसले. एकूण दोन चकत्या, तीन खांब, बुश, खळगा, टॅप सगळं मिळून १८०० रुपये घेतले, धातू वेगळा, तो मी त्यांच्याच शेजारच्या भंगारवाल्याकडून किलोवर घेतला होता. सगळा सांगाडा दोन किलोच्या आसपास भरतो.

खुंटी मीच केली आणि म्हणून तीच चुकली. आठ एमएमचा बोल्ट, डोकं कापून वर ठेवला. माउंट लावलं तर खळग्यात बसेना, एका बाजूने कागद जाईल एवढी फट, आणि डोलतंय. मला वाटलं खळगा तिरका झाला, मामांना फोन करणार होतो, नशीब केला नाही. खुंटी दोन एमएम उंच होती, माउंट खुंटीवर टेकलं होतं. कानस घेऊन गच्चीत बसलो. उंची बरोबर झाली तर जाडी कमी पडली, दोन स्क्रूच्या मध्ये खुंटी वाकायला बघते, एक स्क्रू पिळला की माउंट सरकायच्या आधी खुंटीच जरा झुकते. सध्या तिच्यावर एक पितळी नळीचा तुकडा सरकवला आहे, काम चालतंय. नवीन जाड खुंटी मामांकडून करून घ्यायची आहे.

एम१० चा बोल्ट हाय टेन्साइल घ्या, एवढंच त्याबद्दल. आणि लांबी नीट मोजून, फार लांब झाला तर माउंटच्या आत तळाला टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला, आणि माउंट मात्र सैलच. मी त्याला दोन वॉशर जास्तीचे टाकलेत.

शेवटी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं गच्चीत नेलं. आमच्या गच्चीला चायना चिप्स आहेत, त्यावर टोकदार बूट म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग जातं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं नाव येतं, म्हणून एका जुन्या पाटाचे तीन तुकडे केले, मधोमध खळगा पाडला, खालून सायकलच्या ट्यूबचा रबर चिकटवला. काका आले होते त्या दिवशी मुद्दाम. मी स्टँड उभा केला आणि त्याचे स्क्रू आवळायला लागलो तर म्हणाले, "अरे आधी पाय दाब. दाबलेच नाहीत तर लेव्हल कशाची करतोस?" मग त्यांनीच तीनही पट्ट्यांवर एकेक करून पाय ठेवला, अंगाचा भार टाकून, तीस वर्षं रोज केल्यासारखा, आणि डोक्यावरच्या गोल बबलकडे बघून एक पाय अर्धा इंच आखूड केला. बबल मध्ये. मला या कामाला नेहमी दहा मिनिटं लागतात. खरं तर ध्रुव जुळवायला बबल मध्ये असायलाच पाहिजे असं काही नाही, पण तो असला की अक्षांशाच्या पट्टीवर विश्वास ठेवता येतो. हे मी काकांना सांगितलं नाही.

उत्तर शोधायला मोबाईलचं होकायंत्र काढलं तर ते दहा-पंधरा अंश भलतीकडे दाखवायला लागलं, कारण मी ते लोखंडी वजनाशेजारी धरलं होतं. चार पावलं लांब गेलो तर शहाणं झालं. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच, त्यामुळे एवढं पुरतं. मग शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधला. साडेअठरा अंशांवर, शहराच्या उजेडाच्या साईत, बारीक, जरा लाजल्यासारखा. पोलर स्कोपमधून (ध्रुव जुळवायची माउंटमधली छोटी दुर्बीण) बघायला गुडघे टेकून जवळजवळ आडवं डोकं घालावं लागतं, तिकडच्या लोकांना मान वर करून बघावं लागत असेल, आपलं निदान मानेचं दुखणं नाही, गुडघ्यांचं आहे. आणि ध्रुव तारा म्हणजे काही अगदी ध्रुव नव्हे, पाऊण अंशाला थोडं कमी अंतर आहे, तेवढं बाजूला धरायचं. अक्षांशाचा स्क्रू वर पिळताना मात्र दुर्बिणीच्या ट्यूबचं वजन एका हाताने उचलून धरा, नुसता स्क्रूवर सगळा भार टाकून पिळला तर तो वाकतो. मी नाही वाकवला, पण तो जो आवाज करतो तो ऐकून हात आपोआप थांबला.

एक चाचणी करतो मी नेहमी. तारा आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) मधोमध घ्यायचा, ट्यूबला टिचकी मारायची आणि तारा थरथरायचा थांबेपर्यंत सेकंद मोजायचे. जुन्या माउंटवर पाच-सहा सेकंद. हे सगळं दुमजली बांधकाम केल्यावर मला भीती होती की उंची वाढली म्हणजे थरथर वाढणार. पहिल्यांदा मोजलं तर चार. मग खांबांचे बोल्ट परत आवळले, त्यातला एक चक्क हातानेच फिरत होता, आणि पाच सुताचा स्क्रू अर्धा फेरा आणखी पिळला. दोन. परत मोजलं, दोनच. अडीच म्हणा.

मग गुरू. तेव्हा तो पुनर्वसूत होता, कॅस्टर आणि पोलक्सच्या शेजारी, १० जानेवारीला प्रतियुती होती, सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे अगदी ऐन भरात, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पुण्याच्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जात होता. तिथे ट्यूब सरळ वर आणि वजनाचा दांडा आडवा. त्याआधी ट्यूब ध्रुवाकडे होती तेव्हा मात्र दांडा स्टँडच्या दोन पायांमध्ये खाली आला होता. मी बॅटरी मारून बघितलं होतं, दांडा आणि लाकूड यांच्यात चार बोटं जागा. चकती चपटी असती तर नसती राहिली.

या माउंटच्या आतलं चाक १४४ दात्यांचं आहे, म्हणजे केबलच्या एका फेऱ्याला आकाश अडीच अंश सरकतं, आणि पृथ्वी तेवढी फिरायला दहा मिनिटं घेते. तर दहा मिनिटांत एक फेरा, एवढंच. पूर्वी गुरू आयपीसमधून निसटला की एक हात वर-खाली, एक हात डावी-उजवी, आणि मध्ये कोणीतरी "मला दिसत नाहीये" म्हणणारं. आता एकाच बोटाने केबल जरा जरा.

काका बराच वेळ डोळा लावून बसले होते. मला वाटलं चंद्र मोजतायत, चारही दिसत होते. मग डोळा न काढता म्हणाले, "तिसरा पाय सैल आहे तुझा." मी म्हटलं नाही हो काका, सगळे आवळलेत. त्यांनी हात लावून दाखवला. वरच्या चकतीचा नव्हता, खांबाचाही नाही, स्टँडच्याच पायाची बिजागरी, त्यांच्या काळापासूनची. तिचा बोल्ट तीन सुताचा आहे असं ते म्हणाले, मी अजून मोजलेला नाही.